पहिल्या भोंग्याला

रसायनीच्या एका कारखान्यात रजियाने वजनकाटा कॉम्प्युटरला जोडला होता. साल सत्याऐंशी. ट्रकचं वजन येईपर्यंत तिचा प्रोग्रॅम वाट बघत बसे; मध्येच थांबायचा सिग्नल दिला तरी ढिम्म हलत नसे. उद्या साहेबांपुढे हलला नाही, तर कॉम्प्युटर परत मुंबईला जाणार होता.

शेवटी तिने काट्यावरच्या धर्माजींनाच विचारलं, "काका, ट्रक काट्यावर आणि जेवणाचा भोंगा झाला, तर तुम्ही काय करता?"

"उठतो. पण काट्याची चावी खुंटीला लावून, दुसऱ्याला लागंल म्हणून. आन पाटीवर लिवतो, 'वजन अर्धवट, परत घ्या.' अंदाजे आकडा टाकून पळत नाय."

रजियाने प्रोग्रॅमला नेमकं तेच शिकवलं: सिग्नल आला की काटा मोकळा सोडायचा, 'वजन अर्धवट' नोंदवायचं आणि थांबायचं. तो उठला! विश्वास बसेना म्हणून ती पुन्हा पुन्हा सिग्नल देऊन बघत राहिली.

धर्माजी दारात आले. "उठतंय का गं?"

"पहिल्या भोंग्याला, काका!"

"मग उठायची तेवढी तूच राह्यलीस. सुट्टीचे दोन भोंगे झाले, तुझी बस पार कर्जतला पोचली."