आदेश कोणाचा?

“अक्का, शेवटचं विचारतो. इथे हुकूम कोणाचा चालतो?”

तपासनीसांनी वही उघडली. हॉस्पिटलच्या लाँड्रीतली ती काचेची खोली एवढीशी. अक्कांच्या अंगाला अजून इस्त्रीची धग होती. सुपरवायझर बदली होऊन गेला त्याला आठ महिने झाले. त्याच्या जागी कोणी आलंच नाही. वरच्यांना वाटलं, आता मळक्या चादरींचे डोंगर साचणार, बोंबाबोंब होणार. झालं भलतंच. चादरी वेळेवर पोचू लागल्या, ऑपरेशनचे हिरवे झगे तर वेळेआधी. इतकं सुरळीत चाललंय म्हणजे कोणीतरी परवानगीवाचून साहेबी करतंय, असं हेड ऑफिसने ठरवलं. ‘सदर व्यक्तीचा शोध घेऊन तिला तत्काळ कामावरून कमी करावे,’ असा लेखी आदेश तपासनीसांच्या फायलीत होता.

“कोणाचाच नाही हो साहेब,” अक्का म्हणाल्या.

“मग सकाळी इस्त्री सोडून तुम्ही घड्या घालायला कशा गेलात?”

“घड्यांवर आमच्या धाकट्या जाऊबाई असतात. त्यांच्यापुढचा ढीग इतका वाढला, की त्या दिसेनाशा झाल्या. गेले.”

“आणि तुमची इस्त्री?”

“ड्रायरवरची आली. तिचं मशीन फिरत होतं, हात रिकामे होते.”

“तिला कोणी पाठवलं?”

“तिच्या डोळ्यांनी.”

तपासनीस सरळमार्गी माणूस. तीन दिवस त्यांनी लाँड्रीतल्या अकराही जणींना खोदून खोदून विचारलं. प्रत्येकीने शेजारणीकडे बोट दाखवलं. वरचं टोक सापडेल म्हणून त्यांनी कागदावर नावं मांडून बाण काढले. बाणांचं नुसतं जाळं झालं. जाऊबाईंनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, “अगं बाई, साहेब स्वेटर विणतायत वाटतं!”

पण फॉर्मवर नावासाठी रकाना होता, आणि तो रिकामा ठेवायची सोय नव्हती. अक्कांच्या पेन्शनला चौदा महिने उरले होते. घरी यजमान अंथरुणाला खिळलेले. त्यांची औषधं या नोकरीवर मिळत होती.

“सगळ्यांत वडील तुम्ही,” तपासनीस म्हणाले. “सगळ्या तुम्हाला अक्का म्हणतात.”

“अहो, ते केस पिकले म्हणून! तुम्हीही म्हणताय की मघापासून. तुम्हाला मी कुठे कामाला लावलंय?”

तपासनीस हसले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “नको. निरपराध माणसाच्या पोटावर पाय नाही आणायचा मला. ‘अशी व्यक्ती आढळली नाही’ असंच लिहितो. फक्त आदेश ज्यांनी काढला, त्यांच्या कानावर घालतो.”

अक्कांनी मनातल्या मनात हात जोडले. तपासनीसांनी हेड ऑफिसला फोन लावला. फोनवरचा आवाज मोठा होता. अक्कांनाही सगळं ऐकू येत असल्याचं तपासनीसांच्या गावीही नव्हतं.

“मी नुसता जावक नंबर घातला,” पहिला कारकून म्हणाला. “मजकूर टायपिस्ट बाईंचा.”

“मी मागच्या आदेशावरून उतरवला,” टायपिस्ट बाई म्हणाल्या. “टिपण खालच्या मजल्यावरून आलं होतं.”

“फाईल टेबलावर आली, तर पुढे सरकवायला नको?” खालच्या मजल्यावरचे म्हणाले. “‘कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारला. सगळ्याच फायलींवर मारतो.”

“अहो, पण सही?”

“सहीचा शिक्का आहे ना. ज्याचे हात रिकामे, तो उठवतो.”

“आणि साहेब?”

“साहेब रिटायर होऊन तीन वर्षं झाली. ती जागा भरलीच नाही. देवाच्या दयेने काही अडत नाही.”

तपासनीस उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे हा आदेश कोणी दिलेलाच नाही! मग रद्द करून टाका तो.”

अक्कांनी रोखलेला श्वास सोडला.

“रद्द?” पलीकडचा माणूस मनापासून हळहळला. “कसा करणार, साहेब? आदेश रद्द करायचा अधिकार फक्त तो देणाऱ्याला असतो. तुम्ही नाव तेवढं कळवा. दुपारच्या टपालात टाकायचंय.”

फोन खाली ठेवून तपासनीसांनी रिकाम्या रकान्याचा फॉर्म पुढे ओढला. मग पेनाचं टोपण काढलं.

“अक्का,” ते मान वर न करता म्हणाले, “तुमचं पूर्ण नाव सांगता?”