क्लचवालीची हकालपट्टी

क्लचवालीला फोरमवरून कायमचं काढून टाकलं. ते बरं झालं की वाईट, हा प्रश्न नाही, कारण तसं काही झालंच नाही असं धरून चालायचं सगळ्यांनी ठरवलं आहे. आपणही धरू.

तर क्लचवाली अजून आहे, आणि करसल्लागार लॅपटॉपसमोर बसून हसतोय. इतका, की त्याचा चष्मा चहात पडायच्या बेतात आहे.

"ऐक ना," तो बायकोला म्हणाला. "'सरकार म्हणजे सेफ्टी कार. स्वतः शर्यतीत नाही, पण सगळ्यांच्या पुढे. आणि ओव्हरटेक केलं की दंड आपल्याला.' काय बाई आहे!"

"सकाळी मी हेच म्हटलं होतं."

"कधी?"

"नाश्त्याला. तू 'हं' म्हणालास आणि मीठ मागितलंस."

"मग मीठ कमी असेल," तो म्हणाला. "आणि तुझं सांगणं वेगळं गं. हिचं टायमिंग बघ."

बायको गो-कार्टच्या ट्रॅकवर टाइमकीपर होती. सेकंदाचा हजारावा भाग पकडणं हे तिचं पोटापाण्याचं काम. तिला टायमिंग शिकवणारा हा पहिलाच.

ट्रॅकवरच्या शर्यतवेड्यांचा तो फोरम, आणि त्याची मॉडरेटरही तीच. कोण काय लिहितं ते बघायचं, भांडणं मिटवायची, शिव्या पुसायच्या. नवऱ्याला शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. "टायरवरच्या कराबद्दल कुणीतरी चुकीचं लिहिलंय, बघ तरी," म्हणून तिनेच त्याला तिथे ओढून आणलं होतं. दोघांना बोलायला एक विषय होईल, एवढाच हेतू. लग्नाआधी हा माणूस तिच्या फुसक्यातल्या फुसक्या विनोदावर खुर्चीवरून घसरायचा. आता 'हं' वर आला होता.

तो आला आणि रमला. पण क्लचवालीत. ही क्लचवाली कर आणि राजकारणाशिवाय बोलायचीच नाही. 'शर्यतीत पिटमध्ये थांबलेल्या गाडीचे दोन सेकंदांत चार टायर बदलतात, याचं कौतुक कशाला? आमचे नेते तेवढ्या वेळात पक्ष बदलतात, तेही जॅक न लावता.' करसल्लागार हसून हसून लाल. टाइमकीपरच्या अंगाचा तिळपापड.

"घरातलं बाहेर जातंय, ताई," ट्रॅकवर मेकॅनिक असलेला तिचा धाकटा भाऊ म्हणाला. त्याने कार्टखालून फक्त डोकं बाहेर काढलं होतं. "परवा तू मला जो जॅकचा विनोद सांगितलास, तोच त्या बाईने टाकलाय. दाजी पुरवत नसतील ना?"

"काय सांगावं."

"मग खडसाव की त्यांना."

"कुणाला खडसावू? आपलेच दात, आपलेच ओठ."

भाऊ 'बिचारी' अशा नजरेने बघत परत कार्टखाली गेला.

त्याच दुपारी तिने फोरमवर नियम लावला: हा फोरम मोटारस्पोर्टचा आहे. कर आणि राजकारण चपलांसारखं बाहेर काढून आत यावं.

गदारोळ झाला. एका डॉक्टरने विचारलं, हेल्मेट करासकट येतं, मग आम्ही इथे बोडक्याने बसायचं का? एका निवृत्त बसचालकाचं म्हणणं, रस्ता राजकारण्यांनी बांधलाय, त्यावरची गाडी तटस्थ कशी राहील? एकाने दोघांनाही पाठिंबा दिला आणि विषय काय आहे ते विचारलं.

नियमाला हरताळ फासणारी पहिली पोस्ट क्लचवालीचीच. 'निवडणूक न होताच सरकार बदललं वाटतं. मॉडरेटरबाईंना नव्या राजवटीच्या शुभेच्छा. घरी यांचं कुणी ऐकत नसणार.'

करसल्लागार त्या रात्री जेवताना आठवून आठवून हसला. "राग नको मानूस हं, पण बरोबर नेम लागलाय."

"लागलाय खरा," बायको म्हणाली.

सकाळी तिने नियमावर बोट ठेवून क्लचवालीला काढलं. कुणी विरोध केला नाही. नवीन नियमाचा सगळ्यांनी धसकाच घेतला होता. इथपर्यंतचं झालंच नाही असं आपण धरणार होतो, पण करसल्लागाराला ते जमेना. त्याने लॅपटॉप मिटला तो मिटलाच. चहा घ्यायचा, भिंतीकडे बघायचा, ऑफिसला जायचा. 'हं' सुद्धा बंद झालं.

तिने एकदा प्रयत्न करून पाहिला. "वेगमर्यादा ओलांडली की दंड, उत्पन्नाची ओलांडली की कर. म्हणून मी आपली दोन्हीकडे दुसऱ्या गिअरमध्ये."

त्याने मान वर केली. क्षणभर तिला वाटलं, आलं हसू. ओठाचा कोपरा हललासुद्धा.

"तिची नक्कल नको करूस," तो म्हणाला. "तिला काढलंस ना? आता तिच्यासारखं एक वाक्य लिहून दाखव. मनाचं."

"मला नाही जमायचं," ती म्हणाली.

तो ऑफिसला गेल्यावर तिने कपबशा विसळल्या, हात पुसले आणि लॅपटॉप उघडला. मॉडरेटर म्हणून आत होती, ती बाहेर पडली. नावाच्या चौकटीत दुसरं नाव घातलं. पासवर्ड म्हणून लग्नाची तारीख.

पडद्यावर आलं: 'आपलं सदस्यत्व रद्द झालं आहे. मॉडरेटरकडे अर्ज करता येईल.' त्याखाली एक न वाचलेला निरोप होता, करसल्लागाराचा: 'तुम्ही गेल्यापासून करमत नाही. मॉडरेटर माझीच बायको आहे. मनाने चांगली आहे, फक्त विनोदाचं अंग नाही तिला.'

तिने तो दोनदा वाचला. मॉडरेटर बाई कशी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती काही ऐकायची नाही. तरी तिने अर्ज लिहिला.

'मा. मॉडरेटर यांस, स.न.वि.वि. अर्जदार क्लचवाली हिस फोरमवर परत घेण्यात यावे. नियमात बसत नसल्यास, आपण स्वतः नाश्त्याच्या टेबलावर यापुढे कराल त्या कोणत्याही एका विनोदास आपल्या यजमानांनी, मीठ मागण्यापूर्वी, एकवार हसावे, असा आदेश आपल्या स्तरावर काढण्यात यावा, ही नम्र विनंती.'