रेघेवरची जागा

"हं, इथे उभ्या राहा," म्हणत प्रोफेसरांनी बालवाडीच्या बाईंना रेघेच्या टोकाच्या जरा अलीकडे उभं केलं. रेघ खडूची होती, लेक्चर हॉलच्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाकांवरचे भावी डॉक्टर टक लावून बघत होते.

बाईंच्या मनाला चढ असला की वर्गाच्या भिंती चित्रांनी भरून जायच्या. उतार असला की केस विंचरणंही जिवावर यायचं. पण मुलांवर हात उगारणं सोडाच, आवाजही कधी चढवला नव्हता. तरी शाळेने बजावलं होतं, मोठे डॉक्टर हो म्हणाले तरच वर्गावर या. ते मोठे डॉक्टर म्हणजे हेच. म्हणून बाई निमूटपणे नमुना व्हायला आल्या होत्या.

"पूर्वी आपण कप्पे करायचो," प्रोफेसर रंगात आले. "हा उदास स्वभावाचा रोगी, हा चढउतारांचा रोगी, बाकीचे ठणठणीत. नवं मॉडेल म्हणतं, कप्पे विसरा. स्वभावाच्या चार-पाच रेघा असतात. ही त्यातली मूडची. त्या टोकाला मूड हलत नाही, या टोकाला एका जागी ठरत नाही. प्रत्येक माणूस हिच्यावर कुठे ना कुठे असतोच. आता या बाई बघा. टोकाच्या इतक्या जवळच्या माणसाच्या हाती मुलं द्यायची? मला तरी धीर होत नाही."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो सर, रेघ सगळ्यांची, मग उभी मी एकटीच का?"

बाईंनी टाळी वाजवली, थेट बालवाडीतली. "चला, उठा सगळे! आपापल्या जागेवर. ढकलाढकली नको!"

आणि काय सांगावं, भावी डॉक्टर मुकाट उठले. कुणी मध्ये, कुणी पलीकडे. एक मुलगी खाली मान घालून बाईंच्या अगदी शेजारी येऊन थांबली. बाईंनी तिचा हात धरला.

"सर, तुम्ही?"

प्रोफेसर हसत हसत बरोब्बर मध्यावर जाऊन उभे राहिले.

दाराशी सिस्टर होत्या. इतकी वर्षं प्रोफेसरांच्या हाताखाली काढलेल्या. त्यांना राहवेना. "काहीतरीच काय, सर!" म्हणत त्यांनी प्रोफेसरांचं कोपर धरलं आणि चालवत नेलं. पोरांना ओलांडून, बाईंनाही ओलांडून, पार भिंतीपर्यंत. "परवा फाइल भिरकावलीत. काल वॉर्डभर गाणी म्हणत फिरलात. आणि आज सकाळी खिडकीशी डोळे पुसत होतात."

प्रोफेसर लालबुंद झाले. पण भिंतीपासून हलले नाहीत.

बाईंनी वळून विचारलं, "सर, उद्या कामावर येणार ना?"

"म्हणजे काय! येणारच."

"मग मीही वर्गावर जाते."