चौथे नाव

आमच्या मसाल्याच्या डब्यावर तीन नावे असत: सरस्वतीबाई, त्यांची सून द्वारकाबाई आणि द्वारकाबाईंची सून गोदावरीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. नातू प्रीतमने कोपरीतले आमचे दुकान इंटरनेटवर नेले, आणि येत्या दिवाळीपासून चौथे नाव माझे छापायचे ठरवले.

तेवढ्यात समृद्धी नावाच्या कोणा मुलीने दुकानाला एकच तारा देऊन खाली लिहिले, "हा मसाला माझ्या खापरपणजीचा, मिठागरावरच्या शेवंतीचा. तुम्ही तिचं नाव लपवलंत."

"आजी, रिपोर्ट करून उडवतो हे," प्रीतम म्हणाला. "रेटिंग पडलं, तर सर्चमध्ये आपण दिसणारच नाही."

"हात लावशील तर खबरदार! शेवंतीने सरस्वतीबाईंना मसाल्याचे प्रमाण दिले, तेव्हा बदल्यात एवढेच मागितले होते, 'कोनी इचारला तं माजा नाव सांग.' प्रत्येक सासूने हे सुनेला सांगितले. गिऱ्हाइकाला मात्र एकीनेही नाही, मीसुद्धा नाही."

"अगं, पण आता कबूल केलंस तर धंदा बसेल!"

"बसला तर पुन्हा उभा करीन. आण तो फोन इकडे."

चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत, मी त्या मुलीला सर्वांच्या देखत उत्तर लिहिले: "तुझे म्हणणे खरे आहे."



दिवाळीच्या डब्यावर चारच नावांची जागा होती. माझे काढून मी सर्वांत वर शेवंतीचे छापले, आणि चार पिढ्यांचे देणे फेडले.