दांड्याची सावली

सरहद्द खुली झाली तेव्हा गावाने नाक्यावरचा आडवा दांडा आभाळाकडे उभा केला, वेल्डिंग करून पक्का केला आणि त्याचंच स्मारक केलं. तीस वर्षं तो दांडा वरखाली करणारा निक्ला आता रोज दुपारी त्याच्याखाली बाकावर वाइन पीत बसायचा. सुखी माणूस.

आज झाडांच्या सावल्या नदीकडे पडल्या होत्या. दांड्याची तेवढी रस्त्यावर आडवी पडली होती. सायकलवाले तिच्यावरून खुशाल जात होते.

पलीकडच्या देशातल्या बेकरीतून परतणारी त्याची बायको लिओनी मात्र सावलीपाशी थबकली.

"उचल ना रे! लग्नाआधी मला बघत बसायला मुद्दाम अडवायचास, आता म्हातारपणी कसली हौस?"

निक्ला हसला. जुन्या सवयीने त्याने हात वर केला. सावली सावकाश उचलली गेली. लिओनी मजेत अलीकडे आली, त्याच्या शेजारी टेकली आणि प्लमचा केक कापू लागली.

सावली पुन्हा खाली आली. या वेळी बाकावर, दोघांच्या मधोमध.

केकचा तुकडा पुढे करणारा लिओनीचा हात त्या काळ्या रेघेपाशी अडला.

"पुरे हं आता थट्टा," ती म्हणाली.

निक्लाने हात वर केला. सावली हलली नाही.