सर्व्हरवरचं हिरवं पाकीट

मेईश्वानने ओपन सोर्स कंटेनर प्लगइन स्वतः बदलून तैपेच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर चढवलं, तेव्हाच तिच्या वरिष्ठाच्या, काओच्या, मनात शंकेची पाल चुकचुकली. तीन दिवस तो सर्व्हरपाशी ठाण मांडून तिच्या कोडची ओळ न् ओळ तपासत राहिला. जेवायलासुद्धा उठला नाही.

चौथ्या दिवशी सर्व्हरवरचे प्रोग्रॅम ज्यांत चालत, ते सगळे कंटेनर धडाधड बंद पडले.

"घातलीस ना चालत्या गाड्याला खीळ? आता साहेबांपुढे तूच उत्तर दे!" काओ कडाडला.

यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे सर्व्हरच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असे. त्याला कोणी हात लावायचा नसे; लावला तर यंत्रं रुसतात, असा समज होता. मेईश्वानने ते उचललं. रिकामं!

"काओदादा, हे कोणी फस्त केलं?"



काओचा हात नकळत ओठांवरचा पिवळा चुरा पुसायला गेला.