साहेबांच्या पेन्सिली

"तुम्हाला मोटारी लावायला जागा हवीय. म्हणून माझा पब धोकादायक ठरवलात," नेस्टा प्रोबर्ट उभ्यानेच म्हणाली.

नगर परिषदेचे साहेब शांत होते. "बाई, तुमचा पब वाकलाय. ओकच्या लाकडाचा असला तरी चारशे वर्षांचा. उद्या कुणाच्या डोक्यावर पडला तर?"

"माझ्या आजोबांच्या आधीपासून वाकलाय. माझा जन्म त्याच्याच माडीवरचा. मी जाऊ कुठे?"

"बघू काहीतरी."

'प्लाऊ' पब आणि परिषदेचं ऑफिस एकमेकांना खेटून होते. पबचा काळ्या लाकडांचा सांगाडा उघड्यावर, मधे चुनामातीचं भरण. ऑफिसचं तोंड लाल विटांचं, ताठ. साहेब वरच्या मजल्यावर बसत. खाली पबात कुणी भिंतीवरच्या डार्टबोर्डावर बाण मारला की त्यांच्या तळपायाला धक्का बसे. त्यांनी तशी लेखी तक्रारही केली होती.

बोलता बोलता साहेबांची पेन्सिल खाली पडली. घरंगळत पबच्या बाजूला गेली आणि भिंतीखालच्या फटीत नाहीशी झाली.

"ही पण गेली," ते वैतागले.

"तिला तरी तहान लागते. तुम्ही कधी एक ग्लास प्यायला आला नाहीत."

"असल्या मोडक्या जागेत? आमचं बघा. पक्कं वीटकाम."

सोमवारी पाडणारे आले. नेस्टाने सामान हलवलं नव्हतं. ती बारमागे ग्लास पुसत राहिली. साहेब जातीने हजर होते.

"डार्टबोर्डाची भिंत आधी घ्या," ते म्हणाले. "फार छळलंय तिने."

मुकादम डेझने बोर्ड उतरवला आणि छतालगतचा गिलावा फोडला. आतून पेन्सिली पडल्या. एक, मग मूठभर.

नेस्टाने एक उचलली. "तुमच्याच ना?"

डेझने भोकात टॉर्च मारली आणि हातोडा खाली ठेवला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"पबच्या खांबांत पलीकडून तुळया घुसवल्यात. लाकडी खुंट्या ठोकून."

"पलीकडून म्हणजे?"

"तुमच्याकडून. तुमच्या ऑफिसला या बाजूला भिंतच नाही, साहेब. वीट नुसती तोंडाला लावलीय. तुमची अख्खी माडी या पबवर बसलीय."

नेस्टाने पेन्सिल फडक्याने पुसली आणि साहेबांच्या खिशात खोचली.

"आता सांगा, माझा पब कुणाच्या ओझ्यानं वाकलाय?"